आडनावाच्या शेवटी एक स्वर

आपल्या मध्यमवर्गीय घरांत इटालियन माणूस प्रत्यक्ष येतो तो क्वचितच. पण त्याची छबी मात्र केव्हाच येऊन बसलेली असते. काळा कोट, चापूनचोपून बसवलेले केस, हलक्या आवाजात दिलेली धमकी आणि मागे उभे असलेले दोन दांडगे इसम! मूळ 'गॉडफादर' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी १९७५ चा 'धर्मात्मा' किंवा २००५ चा 'सरकार' पाहिलेला असतो आणि हे सारे कोणत्या घराण्यातले आहे हे त्यांना ठाऊक असते. ही छबी नको असेल तर दुसरी तयार आहे : गोलमटोल पोट, पिळदार मिशा, हातवारे करीत भट्टीतून पिझ्झा काढणारा आचारी. तिसरी छबी आपल्या मुंबईकरांची स्वतःची. रस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकाला विटेवर बसवून हजामत करणाऱ्या न्हाव्याच्या 'दुकाना'ला आपण 'इटालियन सलून' म्हणतो. हिंदीतल्या 'ईंट'वरची ही कोटी निदान निरुपद्रवी तरी आहे. पहिल्या दोन छब्यांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. व्यक्तिचित्रण हा भाग शिकवताना मी एकदा वर्गाला सांगितले, "इटालियन म्हटल्याबरोबर जे मनात येईल ते चिठ्ठीवर लिहा." चिठ्ठ्या उघडल्या, तर 'माफिया' आणि 'पिझ्झा' या दोन शब्दांनी जवळजवळ सारी टोपली भरलेली! गॅलिलिओ नाही, दान्ते नाही, मार्कोनी नाही. "तुमच्यापैकी कोणी इटालियन माणूस पाहिला आहे?" असे विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना ही चित्रे तयार मिळाली. ती कोठे तयार झाली आणि ज्यांची ती होती त्या माणसांना त्यांची काय किंमत मोजावी लागली, ही कथा मात्र ऐकण्यासारखी आहे.

छापखान्यातला शब्द

अशा ठरीव समजुतीला इंग्रजीत 'स्टीरिओटाइप' म्हणतात. हा शब्द मुळात छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन त्यात धातू ओतायचा आणि एकसंध पत्रा तयार करायचा. मग हवे तितके कागद छापा, पुन्हा खिळे जुळवण्याची दगदग नको. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली आपल्या 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात हा शब्द मनुष्याच्या मनाला लावला. आपण आधी पाहतो आणि मग ठरवतो असे नसून, बहुधा आधी ठरवतो आणि मग पाहतो, असे त्याचे म्हणणे होते.

गंमत अशी की, रंगभूमीवरच्या साचेबंद पात्रांची कला जगाला दिली ती इटलीनेच. सोळाव्या शतकात तेथे 'कोमेदिया देल आर्ते' नावाचा फिरत्या मंडळींचा नाट्यप्रकार बहरला. पँटालोने म्हणजे व्हेनिसचा कवडीचुंबक व्यापारी, दोत्तोरे म्हणजे बोलोन्याचा पोकळ पंडित, आर्लेक्किनो म्हणजे बेर्गामोकडचा अडाणी पण वस्ताद नोकर. मुखवटा दिसला की प्रेक्षकांनी हसायला सुरुवात करावी. आपल्या तमाशातली मावशी आणि पेंद्या रंगमंचावर आले की आपणही असेच हसतो. नाटकात याला कोणी हरकत घेऊ नये. कारण तो मुखवटा आहे हे नटालाही ठाऊक असते आणि प्रेक्षकालाही. खेळ संपला की तो खुंटीला टांगला जातो. अनर्थ होतो तो मुखवटा खऱ्या माणसाच्या तोंडाला चिकटवून त्याला रस्त्यावर फिरायला लावले म्हणजे.

घरातूनच सुरुवात

इटली हे एक राष्ट्र झाले १८६१ साली. उत्तरेकडे कारखाने, दक्षिणेकडे दारिद्र्य, दुष्काळ आणि जमीनदारी. उत्तरेची माणसे दक्षिणेकडच्यांना हिणवून 'तेर्रोने', म्हणजे मातीतला गावंढळ, असे म्हणत. शास्त्रही त्यांच्या मदतीला धावून आले! चेझारे लोंब्रोझो या डॉक्टराने कालाब्रिया प्रांतातल्या एका दरिद्री माणसाची कवटी तपासून, गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो, असा सिद्धान्त मांडला. १८७६ साली निघालेला त्याचा ग्रंथ जगभर वाचला गेला. पुढे तो सिद्धान्त खोटा ठरला. पण दक्षिणेकडच्या माणसाच्या कपाळावरचा शिक्का काही पुसला गेला नाही.

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेला गेले. त्यांतले बहुतेक सिसिली, कालाब्रिया, नेपल्स अशा दक्षिण भागातले. ज्या शिक्क्याला कंटाळून त्यांनी घर सोडले, तो त्यांच्या आधीच बोटीतून उतरून बंदरावर उभा होता. १८९९ पासून अमेरिकन सरकारच्या आगमनखात्यात 'उत्तर इटालियन' आणि 'दक्षिण इटालियन' अशा दोन वेगळ्या वंशांची नोंद होऊ लागली. न्यूयॉर्कचे भुयारी मार्ग खणायला, गटारे बांधायला, खाणीत उतरायला हे दक्षिणी हात चालत. शेजारी राहायला मात्र ते चालत नसत.

त्यांना हाका मारण्यासाठी खास शब्द निर्माण झाले. 'डेगो' हा 'दिएगो' या स्पॅनिश नावाचा अपभ्रंश. 'वॉप' हा नेपल्सकडच्या 'ग्वाप्पो', म्हणजे ऐटबाज दांडगा, या शब्दावरून आला. 'गिनी' हा तर आफ्रिकेच्या किनाऱ्याचा उल्लेख. तुम्ही पुरते गोरे नाही, असे त्यातून सुचवायचे असे. शिव्यांची व्युत्पत्ती सांगणे हा आम्हा भाषेच्या मास्तरांचा आवडता उद्योग; पण व्युत्पत्ती कळली म्हणून शिवीची धार बोथट होत नाही.

न्यू ऑर्लिअन्सचा तुरुंग

ती धार किती असते हे १८९१ साली दिसले. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू ऑर्लिअन्स शहराचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याच्यावर अज्ञात मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि तो दगावला. संशय सिसिलीच्या लोकांवर गेला आणि सरसकट धरपकड झाली. नऊ जणांवर खटला चालला. सहा निर्दोष ठरले. तिघांबाबत पंचांचे एकमत झाले नाही. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च रोजी, हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला. पुढारी कोण? गावगुंड नव्हेत, शहरातले वकील आणि प्रतिष्ठित नागरिक! त्यांनी दरवाजा फोडला आणि अकरा इटालियनांना ठार मारले. त्यांतल्या काहींवर खटलासुद्धा चाललेला नव्हता.

पुढची गोष्ट मला मूळ प्रकारापेक्षाही अधिक अस्वस्थ करते. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी मेलेल्यांनाच भेकड आणि खुनशी ठरवले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात, झाले ते एकंदरीत बरेच झाले, असा अभिप्राय दिला. कोणालाही शिक्षा झाली नाही. इटलीने आपला वकील परत बोलावला, तेव्हा अमेरिकेने १८९२ साली सुमारे २५ हजार डॉलर नुकसानभरपाई देऊन प्रकरण मिटवले. न्यू ऑर्लिअन्सच्या महापौरांनी शहराच्या वतीने जाहीर माफी मागितली ती २०१९ साली. म्हणजे मध्ये १२८ वर्षे गेली!

'सुक्याबरोबर ओलेही जळते' असे आपण म्हणतो. येथे सुके कोणते होते याचाही पत्ता लागलेला नव्हता.

वाम विकणारा आणि चांभार

जमावाचे काम पुढे कायद्याने हाती घेतले. १९२४ च्या कायद्याने इटालियनांची वार्षिक मर्यादा अवघ्या ३,८४५ वर आणून ठेवली. पहिल्या महायुद्धापूर्वी दरसाल सुमारे दोन लाख माणसे येत असत! आपल्या लोकांना तर दार त्याआधीच बंद झाले होते. हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ साली दिला. इटालियनाला अर्धे दार उघडे, आपल्याला तेही नाही, एवढाच फरक. राष्ट्रवार मर्यादांची ही पद्धत १९६५ मध्ये रद्द झाली.

याच काळात साक्को आणि वान्झेत्ती यांचा खटला जगभर गाजला. साक्को जोडे करणारा कारागीर, वान्झेत्ती हातगाडीवर मासळी विकणारा. दोघेही अराजकवादी मतांचे. १९२० साली मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या दरोडा आणि खुनाच्या आरोपावरून त्यांना पकडले. त्याआधी वान्झेत्तीवर आणखी एका दरोड्याच्या प्रयत्नाचा खटला चालला. तो प्रकार नाताळच्या आदल्या दिवशीचा. त्या दिवशी इटालियन घरांत वाम मासळी खाण्याची रीत. वान्झेत्तीकडून आम्ही वाम घेतली, असे एकामागून एक इटालियन शेजारी शपथेवर सांगत राहिले; त्यांतले कित्येक दुभाष्यामार्फत. पंचांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. 'ही माणसे एकमेकांना सांभाळूनच घेणार!' हा ग्रह एकदा झाला की साक्षीदार एक असो की पंधरा, सारखेच.

दोघांना २३ ऑगस्ट १९२७ रोजी विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला. ते दोषी होते की नव्हते याचा वाद अजून चालतो. पण त्यांना न्याय्य वागणूक मिळाली नाही, हे १९७७ साली त्याच राज्याच्या राज्यपालांनी, मायकेल डुकाकिस यांनी, जाहीरनामा काढून मान्य केले.

लसूण, मासेमारी आणि अणुभट्टी

पूर्वग्रहाची पाळेमुळे स्वयंपाकघरात फार लवकर रुजतात. लसणाचा वास हा इटालियनांच्या मागासलेपणाचा पुरावा समजला जाई. १९३९ साली 'लाइफ' या खपाच्या साप्ताहिकाने बेसबॉलचा लाडका खेळाडू जो डिमॅजिओ याची स्तुती केली; त्याच्या अंगाला लसणाचा वास येत नाही, तो केसांना ऑलिव्ह तेल चोपडत नाही आणि स्पॅगेटीपेक्षा त्याला चिनी पदार्थ आवडतो, अशी! ज्या भगिनींनी 'तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही हं' हे वाक्य कधी ऐकले असेल, त्यांना या स्तुतीतली बोच निराळी समजावून सांगायला नको.

मग युद्ध आले. १९४१ च्या डिसेंबरात, नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन 'शत्रुराष्ट्राचे परके' ठरले. रेडिओ आणि कॅमेरे सरकारजमा. कॅलिफोर्नियात रात्री घराबाहेर पडायला बंदी. किनाऱ्याजवळच्या सुमारे दहा हजार जणांना घरे सोडावी लागली. डिमॅजिओचे वडील सॅन फ्रान्सिस्कोचे कोळी. ज्या धक्क्यावर त्यांनी जन्म घालवला, तेथे पाऊल टाकण्याची त्यांना मनाई झाली. इकडे इटालियन घरांतले सुमारे पाच लाख तरुण त्याच अमेरिकेच्या सैन्यात लढत होते.

याहून नवल एन्रिको फर्मीचे. नोबेल पारितोषिक मिळवलेला हा शास्त्रज्ञ ज्यू पत्नीसह मुसोलिनीच्या इटलीतून निसटून १९३९ साली अमेरिकेत आला. अमेरिकेच्या सर्वांत गुप्त कामाचा भार त्याच्यावर होता आणि कागदोपत्री तो 'शत्रू'! गावाबाहेर जायचे तर परवानगी काढा. इटालियनांवरचा हा शिक्का १२ ऑक्टोबर १९४२ रोजी, कोलंबसदिनी, काढण्यात आला. आणि २ डिसेंबर रोजी शिकागोत फर्मीने जगातली पहिली अणुभट्टी चालवून दाखवली. मधले अंतर सात आठवड्यांचे!

त्याच युद्धात आपली मराठा माणसेही खऱ्या इटलीच्या मातीवर लढली. माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने या छोट्या गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ स्मारक उभारले. रायगड जिल्ह्यातल्या एका शिपायाला तेथले गावकरी नावानिशी ओळखतात. आपण मात्र त्यांना 'माफिया' या एका शब्दात ओळखतो.

पडद्यावरचा धंदा

चित्रपटाला वेळ थोडा असतो. खलनायकाची ओळख करून द्यायला दहा मिनिटे खर्चण्यापेक्षा त्याला इटालियन आडनाव दिले की काम एका सेकंदात होते. १९३१ चा 'लिट्ल सीझर' आणि १९३२ चा 'स्कारफेस' यांनी हा पायंडा पाडला. या दोन्ही चित्रपटांत इटालियन गुंड झालेले नट, एडवर्ड रॉबिन्सन आणि पॉल म्युनी, हे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले होते! १९५९ पासून 'द अन्टचेबल्स' ही दूरचित्रवाणी मालिका आठवड्याला नवा इटालियन बदमाश घरोघर पाठवू लागली. १९७२ चा 'गॉडफादर' तर कलाकृती म्हणूनच थोर. त्यामुळे त्याचा ठसा अधिकच खोल उमटला. कादंबरीकार मारिओ पुझो स्वतः इटालियन वंशाचा. पण आपण गुंडांच्या संगतीतून नव्हे, तर वाचलेल्या माहितीवरून लिहिले, असे त्यानेच सांगून ठेवले आहे.

येथे कोणी विचारील, "पण बाई, माफिया खोटी आहे का?" मुळीच नाही. ती खरी आहे आणि तिने रक्तही खरेच सांडले आहे. या चित्रपटाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या इटालियन हक्क संघटनेचा संस्थापक जोसेफ कोलंबो हा स्वतःच एका गुंड टोळीचा म्होरक्या होता. त्याच्या दबावामुळे पटकथेतून 'माफिया' हा शब्द गळला! अशा वकिलामुळे खऱ्या फिर्यादीचेही हसे होते. पण माफियाने पहिले रक्त कोणाचे सांडले? इटालियनांचेच. आणि तिच्याशी झुंजले कोण? न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी जोसेफ पेत्रोझिनो तपासासाठी सिसिलीत गेला आणि १९०९ साली पालेर्मोत मारला गेला. न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो १९९२ साली दोन महिन्यांच्या आत बाँबस्फोटांत बळी पडले. हे सारे इटालियनच. मारेकऱ्यांची नावे आपल्याला पाठ आणि मरणाला सामोरे गेलेल्यांची ऐकूनही माहीत नसावीत, यालाच साचा म्हणतात. साचा पुष्कळदा खोटे बोलत नाही. तो अर्धेच बोलतो.

नावाची किंमत

इटालियन आडनावे बहुधा स्वरान्त असतात. 'ज्याच्या नावाच्या शेवटी स्वर आहे' असे अमेरिकेत म्हटले की इशारा पुरे. आमचे गोडबोले, काणे, फडके त्या काळी तेथे उतरते तर त्यांनाही हा इशारा लागू पडला असता! मारिओ कुओमो १९५६ साली कायद्याच्या परीक्षेत वर्गात अग्रभागी आला. पण न्यूयॉर्कच्या बड्या वकीलमंडळींनी त्याला दारातही उभे केले नाही. नाव बदल, असा सल्ला त्याला मिळाला. त्याने तो मानला नाही आणि पुढे तोच त्या राज्याचा राज्यपाल झाला. गायक फ्रँक सिनात्रालाही 'सॅटिन' हे आडनाव सुचवण्यात आले होते. त्यानेही नकार दिला. उलट अँथनी बेनेदेत्तोचा टोनी बेनेट झाला आणि दिनो क्रोचेत्तीचा डीन मार्टिन. ज्यांनी नाव बदलले त्यांना हसू नये. पोटासाठी माणूस काय काय टाकून देतो, हे बिऱ्हाडाच्या शोधात मुंबईत हिंडलेल्यांना चांगले ठाऊक असते.

आता थोडे आपल्याकडे वळू. १९९९ साली सोनिया गांधी यांच्या परदेशी जन्मावरून वाद झाला आणि त्यातून महाराष्ट्रात एक नवा पक्षही जन्माला आला. देशाच्या सर्वोच्च सत्तास्थानावरील व्यक्ती कोठे जन्मलेली असावी, हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतही त्याचे उत्तर दिलेले आहे. पण नाक्यावर आणि व्यासपीठावर त्या प्रश्नाचे जे झाले, त्यात राज्यघटना कोठे होती? 'इटालियन' हा शब्दच शिवीसारखा वापरला गेला, माफियाचे विनोद झाले आणि आपण, त्या पक्षाचे असू वा नसू, खुशाल हसलो. हिंदी चित्रपटातली मोलकरीण आणि हवालदार हटकून मराठीच का, म्हणून आपण रागावतो. तो राग रास्तच आहे. पण आपल्या दक्षिणेला राहणाऱ्या साऱ्यांना 'मद्रासी' म्हणणारेही आपणच!

दुःख भोगलेला माणूस दुसऱ्याचे दुःख जाणतो, असे आपण मुलांना शिकवतो. इतिहास मात्र तशी हमी देत नाही. न्यूयॉर्कमधला बेन्सनहर्स्ट हा मोठ्या प्रमाणावर इटालियन वस्तीचा भाग. १९८९ साली युसुफ हॉकिन्स नावाचा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांसोबत तेथे एक जुनी मोटार विकत घेण्यासाठी गेला. हा दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठी आला आहे, असा ग्रह करून घेऊन गोऱ्या पोरांच्या टोळक्याने त्याला घेरले आणि त्याला गोळी घातली गेली. तारीख होती २३ ऑगस्ट. बासष्ट वर्षांपूर्वी त्याच तारखेला साक्को आणि वान्झेत्ती गेले होते. योगायोगच तो, पण या विषयावर वाचताना ती तारीख दुसऱ्यांदा समोर आली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले.

एका पिढीच्या कपाळावर बसलेला ठसा पुढची पिढी पुसून काढते आणि तोच पुष्कळदा तिसऱ्याच्या कपाळावर उमटवते. हे थांबवायला मोठ्या चळवळी हव्यात, कायदे हवेत, सारे खरे. पण त्याआधी, समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वी त्याच्या आडनावावरून आपण काय काय ठरवून टाकतो, एवढे तरी प्रत्येकाला घरबसल्या तपासता येईल. यंदा फराळाच्या निमित्ताने शेजारचे नवे बिऱ्हाड दार वाजवील. त्याचे आडनाव कदाचित आपल्या ओळखीचे नसेल. ताट भरून द्यावे, बसायला सांगावे आणि गाव कोणते ते विचारावे. उत्तर मात्र त्याचे त्याला देऊ द्यावे.